घरी अखंड बडबड, बाहेर मात्र तोंडातून ब्रही नाही

या अंकात तीन पत्रे घेतली आहेत. तिन्ही पत्रांचा विषय एकच आहे, तो म्हणजे घरच्या माणसांखेरीज कोणाशीही न बोलणारे लहान मूल. पत्रे संक्षिप्त केली असून ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

प्रश्न : माझी मुलगी साडेपाच वर्षांची आहे आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सीनियर केजीत शिकते. घरी ती सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री झोपेपर्यंत बोलत असते. आजीला गोष्टी सांगते, धाकट्या भावावर दादागिरी करते, शाळेत शिकवलेली गाणी हावभावांसह म्हणून दाखवते. मात्र शाळेत जाऊ लागल्यापासून, म्हणजे गेल्या दीड वर्षात, शाळेत तिने एक शब्दही उच्चारलेला नाही. स्कूटरवर ती माझ्यापुढे उभी राहून बडबडत असते, शाळेची कमान दिसली की वाक्य अर्धवट सोडून गप्प होते, आणि उतरवून घेताना तिचा हात ताठ लागतो. बाईंनी काही विचारले की नजर खाली आणि चेहरा कोरा. लघवीला जायचे आहे हेही तिला सांगता येत नाही, त्यामुळे कित्येकदा ती ओल्या कपड्यांनी घरी येते. शेजारच्या काकू, वाण्याचे दुकान, देवळातले गुरुजी, कोणापुढेही हेच. सख्खा मामा आला तरी ती माझ्या मागे लपते.

शाळेच्या सांगण्यावरून कानांची तपासणी केली, ऐकू उत्तम येते. बाईंनी चॉकलेटचे आमिष दाखवून पाहिले, मी टीव्ही बंद करण्याची तंबी देऊन पाहिली, पण काही फरक पडला नाही. आता शाळा म्हणते की तोंडी परीक्षा दिली नाही तर पहिलीत घेता येणार नाही. सासूबाईंच्या मते मुलगी हट्टी आहे. त्यांनी वेखंड उगाळून चाटवले, नजरही काढली. बालरोगतज्ज्ञ म्हणाले की वयाबरोबर सुटेल. माझे पती सांगतात की लहानपणी तेही असेच घुमे होते. नक्की काय झाले आहे आणि आम्ही काय करावे?

उत्तर : तुमच्या पत्रातील वर्णन ज्या अवस्थेशी जुळते तिला सिलेक्टिव्ह म्युटिझम, म्हणजे निवडक मूकता, असे म्हणतात. प्रत्यक्ष तपासणीवाचून पक्के निदान करता येत नाही आणि ते करूही नये. पण या अवस्थेची लक्षणे तुम्ही स्वतः ताडून पाहू शकता. काही ठिकाणी मूल सहज बोलते आणि जिथे बोलणे अपेक्षित आहे अशा इतर ठिकाणी सातत्याने बोलत नाही. शाळेचा पहिला नवखेपणाचा महिना सोडून हे किमान एक महिना तरी चालू असते. त्यामुळे शिक्षणात किंवा इतरांशी मिसळण्यात अडथळा येतो. आणि ती भाषा येत नाही एवढ्याने त्याचा उलगडा होत नाही. तुमची मुलगी मराठी बोलणाऱ्या काकूंशी आणि मामांशीही बोलत नाही, त्यामुळे इंग्रजी माध्यम हे एकमेव कारण असू शकत नाही. कोणी घरात मराठी बोलणे बंद करण्याचा सल्ला दिला, तर तो कृपया मानू नका. घरची भाषा हा तिचा आज असलेला भक्कम आधार आहे आणि तो काढून घेण्यात काहीही शहाणपण नाही.

ही अवस्था साधारणपणे पाचव्या वर्षाच्या आत सुरू होते, मुलींमध्ये थोडी अधिक आढळते, आणि लक्षात येते ती मूल शाळेत जाऊ लागल्यावर. अशा मुलांचे प्रमाण शंभरात एकापेक्षा कमी आहे. अनेक शिक्षकांच्या वर्गात असे मूल क्वचितच येते, त्यामुळे बाईंना हे ओळखता आले नाही याचा दोष त्यांना देता येत नाही.

सासूबाईंचे म्हणणे मी मुद्दाम आधी घेतो, कारण घरात एकदा हट्टाचा शिक्का बसला की पुढचे सगळे उपाय चुकीच्या दिशेने जातात. हट्टी मूल तोंडावर 'नाही' म्हणते, पाय आपटते, आपले म्हणणे मान्य होईपर्यंत घर डोक्यावर घेते. तुमच्या मुलीला शाळेत 'नाही' हा शब्दही उच्चारता येत नाही. कोणतेही मूल वर्गातल्या मुलांदेखत ओल्या कपड्यांत बसून राहणे आपखुशीने पत्करत नाही. तिचा ताठलेला हात, कोरा चेहरा, खाली गेलेली नजर ही भीतीने थिजलेल्या शरीराची लक्षणे आहेत. भीती वाटली की प्राणी लढतो, पळतो किंवा थिजतो. शाळेत लढता येत नाही, पळता येत नाही, म्हणून ती थिजते, आणि त्या क्षणी तिला बोलावेसे वाटत असूनही गळ्यातून आवाज फुटत नाही. सासूबाईंना हट्ट वाटला यात नवल नाही. जर्मन वैद्य आडोल्फ कुसमाउल यांनी १८७७ साली अशा रुग्णांचे वर्णन केले तेव्हा त्यांनीही हे मौन स्वेच्छेचे मानले होते, आणि पुढे शंभराहून अधिक वर्षे वैद्यकातही तोच समज या ना त्या रूपात टिकून राहिला. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या निदानपुस्तिकेने २०१३ साली या अवस्थेची नोंद चिंताविकारांच्या गटात केली, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणातही तिचे स्थान तेथेच आहे. आज याबद्दल जाणकारांत फारसे दुमत नाही.

यात तुमचे किंवा तुमच्या पतींचे काही चुकले असे समजू नका. काही मुले जन्मतःच नव्या माणसांपुढे आणि नव्या जागी बुजणाऱ्या स्वभावाची असतात, आणि असा स्वभाव पुष्कळदा घराण्यातून येतो. पतींनी स्वतःबद्दल सांगितलेली आठवण त्या दृष्टीने बोलकी आहे. त्यांनी ती मुलीलाही सांगावी, कारण आपल्या बाबांनाही असेच व्हायचे हे कळणे या वयात मोठा दिलासा देणारे असते. मात्र एक फरक लक्षात असू द्यावा. आधी सगळीकडे बोलणारे मूल एकाएकी घरातही गप्प झाले, तर ती वेगळी आणि तातडीची बाब असते. तिथे एखादा आघात, आजार किंवा अत्याचार यांची शक्यता धरून लगेच डॉक्टरांकडे गेले पाहिजे. तुमच्या मुलीच्या बाबतीत तसे दिसत नाही. तिची जीभ जड नाही, त्यामुळे वेखंडाचा येथे काही उपयोग नाही. ते जास्त प्रमाणात पोटात गेल्यास मुलांना उलट्या होऊ शकतात, म्हणून ते थांबवावे.

हे मौन टिकून कसे राहते, ते आता समजून घ्या, कारण उपचाराची सगळी दिशा त्यावरून ठरते. कोणी तरी तिला प्रश्न विचारतो. तिची भीती वाढते, ती गप्प होते. मग विचारणारा कंटाळून दुसरीकडे वळतो, किंवा तुम्ही कळवळून तिच्या वतीने उत्तर देता. क्षणात तिच्यावरचा ताण उतरतो, आणि गप्प राहिले की सुटका होते हे तिच्या मनावर आणखी एकदा ठसते. दीड वर्ष रोज अनेकदा असे घडत आले आहे. त्यात वर्गातली मुले नव्या बाईंना आपणहून सांगतात, 'टीचर, ती बोलत नाही', आणि मग न बोलणारी मुलगी हीच तिची वर्गातली ओळख होऊन बसते. यावरून दिसेल की दटावणे, आमिष दाखवणे आणि तिच्या वतीने उत्तर देणे हे तीनही मार्ग हेतू चांगला असूनही मौनालाच खतपाणी घालतात. दटावल्याने भीती वाढते, चॉकलेटने अपेक्षेचे ओझे वाढते, आणि आईने उत्तर दिले की बोलून पाहण्याची संधीच उरत नाही.

तुम्ही शाळेत जाऊन सर्वांत आधी लघवीचा प्रश्न सोडवा. तोंडी परीक्षेचे नंतर पाहता येईल. आपल्याकडे करंगळी दाखवून लघवीला जायची परवानगी मागण्याची जुनी रीत आहे. तिला तेवढेही जमत नसेल, तर बाकावर एक रंगीत कार्ड ठेवावे. तिने ते उलटे केले की बाईंनी काही न विचारता मानेने होकार द्यावा. सुरुवातीला बाईंनी ठरावीक वेळी तिला इतर दोन मुलींबरोबर आपणहून पाठवले तर उत्तमच. ओल्या कपड्यांची धास्ती गेल्याशिवाय ती वर्गात निर्धास्त होणार नाही. हजेरीच्या वेळी हात वर करणे पुरेसे मानावे. बोलण्याऐवजी खुणेने उत्तर देणे ही कायमची सवय होईल अशी शंका शिक्षकांना येते. पण खुणेची सोय हा पहिला टप्पा आहे आणि पुढचे टप्पे त्यावरच उभे राहतात.

तोंडी परीक्षेसाठी तिचे घरी म्हटलेले पाठ मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून, तिची संमती घेऊन, फक्त बाईंना ऐकवावेत. वर्गापुढे ते लावू नयेत. परीक्षेअभावी पहिली नाकारण्याच्या मुद्द्यावर शाळेला नम्रपणे पण ठामपणे सांगा की बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १३ प्रमाणे प्रवेशासाठी मुलांची चाळणी परीक्षा घेता येत नाही, आणि कलम १७ प्रमाणे मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास किंवा मानसिक त्रास देण्यास मनाई आहे. कायद्याची भाषा पहिल्याच भेटीत वापरू नये असे मला वाटते, कारण पुढचे सगळे काम बाईंच्या सहकार्यानेच व्हायचे आहे. पण तो आधार आहे हे तुम्हाला माहीत असावे.

घरी काही दिवस 'आज बोललीस का?' हा प्रश्न पूर्णपणे बंद करा. त्याऐवजी एखाद्या शांत वेळी तिला एवढेच सांगा, 'शाळेत तुझे शब्द गळ्यात अडकतात, हे मला कळते. तू मुद्दाम करत नाहीस. असे पुष्कळ मुलांना होते आणि ते हळूहळू सुटतात. आपण मिळून थोडे थोडे करून पाहू.' आपले गुपित आईला कळले आहे आणि ती रागावलेली नाही, एवढ्यानेच कित्येक मुलांचे खांदे सैल होतात. नातेवाइकांना तिच्या अपरोक्ष फोन करून ठेवा. 'काकांना नाव सांग', 'मावशीला गाणे म्हणून दाखव', 'दातखीळ बसली का गं?' ही वाक्ये पुढचे काही महिने कोणीही उच्चारू नयेत. तिच्यासमोर तिच्या न बोलण्याची चर्चा तर मुळीच नको. मूल बोलत नसले तरी ऐकत असते.

ताण उतरवणे हे निम्मे काम झाले. नुसते सोडून दिले तर मूल सुखात राहते पण बोलत नाही, म्हणून दुसऱ्या निम्म्या कामाला लवकरच लागले पाहिजे. खेड्यात मुलांना विहिरीत पोहायला शिकवतात तेव्हा पाठीला डबा बांधतात, कडेला धरून पाय मारायला लावतात, आणि धीर येईल तसा आधार कमी करत नेतात; येथेही क्रम तोच असतो, आणि तिचा आधार म्हणजे ज्यांच्याशी ती बोलते ते माणूस. शाळेच्या परवानगीने, शाळा सुटल्यावर तिच्याच रिकाम्या वर्गात तुम्ही दोघी दार लावून साप-शिडी खेळा. पहिले काही दिवस ती कुजबुजेल, कदाचित तेही करणार नाही, नुसते खेळा. तुमच्याशी नेहमीच्या आवाजात बोलू लागली की बाईंनी व्हरांड्यातून ये-जा करावी. मग दार किलकिले ठेवावे. मग बाईंनी आत येऊन, तुमच्याकडे पाठ करून, आपल्या टेबलावर वह्या तपासत बसावे. आवाज बंद झाला तर काही बिघडत नाही, एक टप्पा मागे जावे आणि दोन दिवसांनी पुन्हा पुढे यावे. बाई जवळ येऊन बसल्या तरी खेळ चालू राहतो आहे असे दिसले की त्यांनी काही न बोलता आपली सोंगटी मांडावी. साप-शिडी मी मुद्दाम सुचवली, कारण तिच्यात घरे मोजावी लागतात. 'एक, दोन, तीन' हे शब्द ठरलेले असतात, त्यात चूक होण्याची भीती नसते, समोरच्याकडे पाहावे लागत नाही, आणि तुम्ही मोजता मोजता थांबलात तर पुढचा आकडा तिच्या तोंडून आपोआप निघण्याची शक्यता असते. पुष्कळ मुलांचा शाळेतला पहिला शब्द असा एखादा आकडा असतो.

तो शब्द ज्या दिवशी येईल त्या दिवशी कोणीही टाळ्या वाजवू नयेत. 'बोलली, बोलली!' असा गिल्ला झाला की मूल कित्येक आठवडे मागे जाते, हे बाईंना आणि मुख्याध्यापकांना आधीच बजावून ठेवा. बाईंनी फक्त, 'चार. बरोबर, तुझी सोंगटी शिडीवर आली', असे म्हणून खेळ पुढे न्यावा. प्रश्न कसा विचारायचा हेही महत्त्वाचे आहे. 'तुला खडू हवा का?' याला मान हलवून उत्तर देता येते, आणि 'तुला काय हवे?' हा प्रश्न फार मोकळा, म्हणून अवघड. 'लाल हवा की निळा?' असे विचारले तर एका शब्दात उत्तर देता येते आणि तो शब्द प्रश्नातच असतो. प्रश्नानंतर मनात पाच आकडे मोजेपर्यंत थांबावे. ही शांतता मोठ्यांनाच सहन होत नाही, आणि आई असाल तर ती फारच लांबते; पण तेवढी उसंत मुलाला मिळाली पाहिजे. उत्तर आले नाही तर, 'बरे, नंतर सांग', म्हणून पुढे जावे. उत्तर तुम्ही देऊ नये.

वर्गातील एखादी मुलगी तिला आवडत असेल तर तिला सुट्टीच्या दिवशी घरी खेळायला बोलवा. घरात तिच्याशी बोलणे जमले की तीच मैत्रीण शाळेत पूल ठरते. दुकानात सराव करायचा असेल तर, ओळखीच्या वाण्यापेक्षा, जिथे तिला कोणी ओळखत नाही असे दुकान काही मुलांना सोपे जाते, कारण तिथे 'ही बोलत नाही' हे कोणाला माहीत नसते.

सासूबाईंना या सगळ्यात जरूर सामील करून घ्या. मुलगी आजीला गोष्टी सांगते असे तुम्ही लिहिले आहे, म्हणजे ती ज्या मोजक्या माणसांशी मोकळी आहे त्यांतल्या त्या एक आहेत. तुमची नोकरी असेल किंवा वेळ जुळत नसेल, तर त्या रिकाम्या वर्गात साप-शिडी खेळायला आजी तुमच्याइतक्याच, किंबहुना अधिक, उपयोगी पडतील. आपल्यामुळे नात बोलू लागते आहे हे त्यांना दिसले की हट्टाची गोष्ट आपोआप मागे पडेल.

'वयाबरोबर सुटेल' या सल्ल्याशी मात्र मी सहमत नाही. काही मुलांचे सुटते हे खरे, पण कोणाचे सुटेल ते आधी सांगता येत नाही, आणि मौन जितके जुने होते तितके ते सोडवायला जड जाते. पाच-सहा वर्षांचे वय उपचारांना चांगला प्रतिसाद देणारे असते. चिंताविकारांवर वर्तनोपचार करणारे बालमानसतज्ज्ञ गाठावेत; उच्चारांत काही दोष आहे का हे वाचा-भाषा उपचारतज्ज्ञांकडून पाहून घ्यावे, कारण अशा काही मुलांत दोन्ही एकत्र असतात. स्वमग्नतेची (ऑटिझमची) शंका कोणी व्यक्त केली तर त्याचीही तपासणी बालमानसतज्ज्ञांकडेच होऊ शकेल. खर्चाची अडचण असल्यास राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांशी जोडलेली जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत, आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग असतो. कोठे जावे हेच कळत नसेल तर केंद्र शासनाच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य विचारता येते. या वयात औषधांचा विचार सहसा शेवटी होतो. मोठ्या मुलांत किंवा वर्तनोपचाराने पुरेसा फरक पडला नाही तर मनोविकारतज्ज्ञ चिंता कमी करणारे औषध सुचवू शकतात, आणि तसे सुचवले तर घाबरून जाऊ नये. प्रगती महिन्यांच्या हिशेबाने मोजावी लागेल. लांब सुट्टीनंतर ती थोडी मागे गेल्यासारखी वाटेल. तेव्हा पुन्हा रिकाम्या वर्गापासून सुरुवात करावी, दुसऱ्यांदा ती पायरी लवकर ओलांडली जाते.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवते. तांड्यावरून येणारा एक मुलगा जूनपासून वर्गात एक शब्दही बोललेला नाही. त्याच्या घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा समाजाची भाषा, बोलतात. हाही त्यातलाच प्रकार समजावा का?

उत्तर : बाई, आपण विचारलेत याचा फार आनंद झाला, कारण गप्प बसणारे मूल त्रास देत नाही आणि म्हणून ते मागेच राहून जाते. घरची भाषा एक आणि शाळेची दुसरी असली की पुष्कळ मुले आधी काही आठवडे, कधी काही महिने, नुसती ऐकत राहतात. ही भाषा शिकण्याची एक नैसर्गिक पायरी आहे, तिला आजार समजू नये. फरक ओळखण्यासाठी मधल्या सुट्टीत त्याच्याकडे लक्ष द्या. तांड्यावरच्या इतर मुलांशी तो मैदानात गोरमाटीत मोकळेपणाने बोलतो, हसतो, भांडतो का? तसे असेल तर तो भाषा साठवतो आहे. त्याला वेळ द्या, आणि त्याची भाषा वर्गात आणा. याडी म्हणजे आई हे आपल्याला ठाऊक असेलच; आणखी चार-सहा शब्द त्याच्याच तांड्यावरच्या मोठ्या मुलांकडून शिकून फळ्यावरच्या चित्रांना ती नावेही द्या. आपले शब्द बाईंच्या तोंडी ऐकणे त्याच्यासाठी मोठी गोष्ट आहे.

मात्र शाळेच्या आवारात तो गोरमाटीतही बोलत नसेल, भावंडांशीसुद्धा नाही, आणि आई-वडील सांगत असतील की तांड्यावरही तो बाहेरच्या माणसांपुढे गप्प असतो, तर केवळ भाषेवर विसंबून थांबू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीला येते तेव्हा त्यांच्याकडे या मुलाची स्वतंत्र नोंद करा आणि श्रवणतपासणीही सुचवा. दरम्यान त्याला एकट्याला उभे करून वाचायला लावू नका. सगळ्या वर्गाने मिळून म्हणायची बडबडगीते, पाढे, कविता भरपूर घ्या; घोळक्याच्या आवाजात आपला आवाज मिसळणे अशा मुलांना पहिल्यांदा जमते, आणि ओठ हलू लागले आहेत का हे तुम्हाला लांबूनही दिसेल.

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत असतो. सात वर्षांची नात दर उन्हाळ्यात येते, पण महिनाभर आमच्याशी बोलत नाही. जे काही सांगायचे ते आईच्या कानात सांगते. तिथल्या तज्ज्ञांनी सिलेक्टिव्ह म्युटिझमच म्हटले आहे आणि उपचार चालू आहेत. आम्ही आजी-आजोबा म्हणून काय करावे?

उत्तर : आजोबा, ती तुमच्या घरात आईच्या कानात बोलते, म्हणजे तुमच्या समक्ष तिचा आवाज निघतो आहे, हा चांगला टप्पा आहे. आईने तिच्या बोलण्याचा दुभाष्या होऊ नये, एवढे सुनेशी बोलून ठरवा. ती कानात काही बोलली की सुनेने ते तुम्हाला न सांगता, 'आजोबा जवळच आहेत, मी आहे इथेच', असे म्हणून थोडे थांबावे, आणि ते जमले नाही तर विषय सोडून द्यावा.

ती आल्याबरोबर जवळ ओढून पापा घेणे, 'आजोबांना ओळखलेस का?' असे विचारणे टाळा. पहिले काही दिवस तिला प्रश्नच विचारू नका. ती चित्र काढत असेल तर तुम्हीही शेजारी बसून काढा, आणि दिसेल ते बोला, 'तू झाडाला जांभळा रंग दिलास. मी माझ्या डोंगराला तोच देतो.' उत्तराची अपेक्षा नसलेले असे बोलणे ऐकता ऐकता मुले सैल होतात. घरातल्या कामांत तिला सोबत घ्या: मटार सोलणे, पूजेची फुले वेचणे, आलेल्या पाहुण्यांना लाडवाची ताटली नेऊन देणे. या कामांत बोलावे लागत नाही पण ती लोकांत वावरते.

पुढच्या उन्हाळ्याची तयारी मात्र आतापासून करा. व्हिडिओ कॉलवर तिला समोर बसवून बोलते करण्याचा आग्रह धरू नका. त्याऐवजी आठवड्यातून एकदा एक छोटी गोष्ट तुमच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून पाठवा, आणि तिला हवे तर तिनेही काही पाठवावे, एखादे गाणे, एखादे कोडे, किंवा नुसता आजीसाठी एक निरोप. ते मिळाल्यावर 'आम्ही ऐकले, कोड्याचे उत्तर उद्या पाठवतो' एवढेच साधे उत्तर द्या. इथे आल्यावर ती ध्वनिमुद्रिते तुम्हा तिघांना मिळून एका खोलीत बसून ऐकता येतील. तेव्हाही ती ऐकायची की नाहीत हे तिला ठरवू द्या, आणि फोन तिच्याच हातात ठेवा.